चार आणि पाचचं मूळ घर

पान सापडलं नाही की ४०४, सर्व्हर कोलमडला की ५००. हे आकडे वेबचे वाटतात, पण ते तिच्याकडे दुसऱ्या घरातून आले.

१९९१ सालच्या पहिल्या एचटीटीपीत आकडेच नव्हते. ब्राउझरनं पान मागायचं, सर्व्हरनं मजकूर पाठवायचा. मागणी फसली तरी यायचा तो मजकूरच. माणूस वाचून समजून घेई. मागितलेलं पान कुठलं आणि नकार कुठला, हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता. पुढच्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांच्या मसुद्यात तीन आकडी उत्तरं आली. सर्न प्रयोगशाळेतल्या ४०४ नंबरच्या खोलीवरून ‘४०४’ हा आकडा आला, ही गोष्ट झकास आहे, पण भाकड.

मूळ घर फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं. १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ६४० लिहून तिथल्या आकडी उत्तरांची घडी नव्यानं बसवली. पहिल्या आकड्यावरूनच निकाल कळावा: २ म्हणजे झालं, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर ये, आणि ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. ईमेलच्या एसएमटीपीनं १९८२ मध्ये हेच वळण उचललं. अजूनही ४५० आलं की मेल सर्व्हर थांबून पुन्हा प्रयत्न करतो. ५५० आलं की पत्र माघारी.

वेबनं आकडे घेतले, अर्थ फिरवला. इथे प्रश्न ‘पुन्हा येऊ का?’ हा नाही, ‘चूक कोणाची?’ हा आहे. ४ म्हणजे मागणाऱ्याची, ५ म्हणजे देणाऱ्याची. त्यामुळे ४०० आल्यावर तीच मागणी शंभरदा पाठवून उपयोग नसतो, आणि ५०३ आलं तर मात्र जरा थांबून पाहावं. किती थांबायचं ते सर्व्हर रिट्राय-आफ्टर या हेडरमध्ये सांगू शकतो. २०१२ मध्ये आलेलं ४२९, ‘फार घाई करतोस’ म्हणणारं, तेवढं जुन्या घराच्या वळणावर गेलं.

मेलसाठी लिहिलेला रिट्रायचा कोड मी एकदा तसाच वेबच्या कामात चिकटवला होता. तो रात्रभर अस्तित्वात नसलेलं पान मागत बसला आणि ५०३ दिसताच त्यानं पहिल्याच फटक्यात हात टेकले. सकाळी लॉग बघून मीही टेकले.

जावास्क्रिप्टच्या फेचमध्ये तर आणखी एक मेख आहे. नेटवर्कच तुटलं तर ते रिजेक्ट होतं. ४०४ किंवा ५०० आलं तर नाही, कारण त्याच्या लेखी तेही उत्तरच. तेव्हा नुसत्या कॅचवर भिस्त ठेवू नका. आधी रिस्पॉन्सचं ‘ओके’ तपासा, मग डेटाला हात लावा.