नागोठण्याचे दाणे आणि घरचा कचरा

पेणहून रोह्याकडे जाताना आंबा नदीच्या काठी नागोठणे लागते. १९९० च्या सुमारास येथे इंडियन पेट्रोकेमिकल्स या तेव्हाच्या सरकारी कंपनीचा कारखाना सुरू झाला. २००७ मध्ये ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. नैसर्गिक वायूतील इथेन व प्रोपेन यांपासून इथिलीन व प्रोपिलीन मिळवायचे आणि त्यांचे रेणू जोडून प्लास्टिकचे दाणे बनवायचे, हे येथील मुख्य काम. म्हणजे पेण-रोह्याच्या घरांतून फेकल्या जाणाऱ्या काही वस्तूंचे मूळ शेजारीच आहे.

पण 'प्लास्टिक' हा एकच पदार्थ नव्हे. १९३३ मध्ये इंग्लंडात फॉसेट व गिब्सन यांना प्रचंड दाबाखाली पॉलिथिन अनपेक्षितपणे मिळाले. त्याच्या साखळ्यांना फांद्या असतात, त्या दाटीने बसत नाहीत. म्हणून दुधाची पिशवी मऊ. १९५३ मध्ये जर्मनीत झिग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी दाबात जवळजवळ सरळ साखळ्या मिळवल्या. म्हणून तेलाचा कॅन कडक.

बनवताना घेतलेली ही काळजी फेकताना आपण विसरतो. पॉलिथिन ११० ते १३० अंश सेल्सियसला वितळते, पाण्याच्या बाटलीचे पेट सुमारे २५० अंशांना. त्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो व पेटच्या साखळ्या तुटतात. मिश्रणातून बनलेली वस्तू ठिसूळ होते. हे टाळण्यासाठीच १९८८ मध्ये अमेरिकेत वस्तूंवर १ ते ७ हे आकडे छापण्याची पद्धत सुरू झाली.

आपल्याकडे निवडण्याचे काम कचरावेचक आणि भंगारवाले करत आले. त्यांना पैसे वजनावर मिळतात; पातळ पिशवी उचलणे परवडत नाही. पिशवीच्या किमान जाडीचे नियम येथे महत्त्वाचे ठरतात. देशात १९९९ मध्ये नव्या प्लास्टिकच्या पिशवीसाठी ही मर्यादा २० मायक्रॉन होती, २०१६ मध्ये ५० झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० आहे. महाराष्ट्राने २००५ च्या महापुरानंतर ५० ची अट आधीच घातली होती.

वर्गात एक प्रयोग करावा. निरनिराळ्या वस्तूंचे छोटे तुकडे साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावेत. पॉलिथिन व पॉलिप्रोपिलीन तरंगतील. पेट व पीव्हीसी बुडतील. तुकडे जाळून मात्र पाहू नयेत. कारखान्यात वेगवेगळे बनलेले दाणे घरातही वेगळे राहिले, तरच त्यांची पुन्हा चांगली वस्तू होते.