दात बघून घेतलेला कॅमेरा

१९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या माणदेशात गावोगावी गिरणीकामगार परतले. माझे थोरले चुलते, आण्णा, त्यातलेच. त्यांच्या हातात कसब होतं ते साचा चालवायचं. गावात साचा कुठला? रान कोरडवाहू, त्यात पाच जण खाणारे. शेवटी आण्णांनी फोटो काढायचा धंदा धरायचं ठरवलं.

तोवर आमच्याकडं फोटो म्हंजे तालुक्याच्या स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसून काढलेला. कुणाकडं कॅमेरा असलाच तर बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. त्याच्या रोलात फोटो बाराच. लग्नाचं काम घ्यायचं तर छत्तीस फोटोंचा, ३५ मिलिमीटरचा रोल लागणारा कॅमेरा पाहिजे. नवा परवडत नव्हता. दोन शेळ्या विकून आण्णा मला घेऊन मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारात गेले.

दुकानदारानं दोन जुने कॅमेरे पुढं ठेवले. एक सेलवर चालणारा, चकचकीत. दुसरा जपानी ऑलिंपस ट्रिप ३५, कोपरे घासलेला. हा १९६७ पासून निघायला लागलेला. त्याला सेल लागत नाही. भिंगाभोवतीच्या दाणेदार कड्याखाली सेलेनियम असतं, त्यावर उजेड पडला की वीज तयार होते आणि तिच्यावरच आतली सुई हलते.

चाळीतल्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडून आण्णांनी पारख शिकून घेतली होती. बैलाचे दात बघावेत तसा त्यांनी तो बघितला. कडं हातानं झाकून बटण दाबलं. बघायच्या खिडकीत लाल पट्टी वर आली, बटण अडलं. मग उजेडात दाबलं, खट्ट वाजलं. म्हंजे सेलेनियम जिवंत. भिंग उन्हात तिरकं धरून बुरशीची जाळी आहे का बघितलं. मागच्या झाकणाच्या खाचेतल्या काळ्या फोमला बोट लावलं, कारण फोम चिकट होऊन गळाला की उजेड आत शिरून रोल खराब होतो. दुसऱ्याचा सेलचा कप्पा उघडला, तर आत हिरवा गंज.

मी म्हणालो, "आण्णा, तो नवा दिसतोय की."

"दिसू दे. माळ घालताना सेल बसला तर लगीन पुन्हा लावायचं का त्यांचं?"

ट्रिप घेतला. उजेडानं सेलेनियम थकतं, म्हणून काम नसताना भिंगावर झाकण घालून ठेवायचे.

आता शहरातली पोरं हौसेनं रोलचे कॅमेरे शोधतात. ट्रिप मिळाला तर लाल पट्टी आधी बघा. १९८४ नंतर तो बनलाच नाही, त्यामुळं हाती येईल तो चाळीस वर्षांच्या पुढचाच.

संप मिटला असं सांगायला कुणी आलं नाही. आण्णांची चूल मात्र पेटती राहिली. आमच्या पंचक्रोशीत भिंतीवर हार घातलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा एकुलता एक फोटो त्याच कॅमेऱ्यातला आहे.