दर आठवड्याला यमू: हरिभाऊ आपट्यांची गोष्ट

सिरीज ऐन रंगात येते आणि नेमका तिथेच एपिसोड संपतो. मग पुढच्या भागापर्यंत जीव टांगणीला. मराठी वाचकाला ही सवय लावणाऱ्यांत एक मोठं नाव आहे हरि नारायण आपटे यांचं. १८९० साली पुण्यात त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं, तेव्हा त्यांचं वय होतं २६. कॉलेज झालं होतं, पण पदवी काही हाती लागली नव्हती.

त्या वर्षाचं पुणं म्हणजे नुसती धुमश्चक्री. मुलींचं संमतिवय १० वरून १२ करायचं की नाही, यावर वाद पेटलेला. ‘केसरी’त टिळक विरोधात, ‘सुधारका’त आगरकर बाजूने. दोघेही हरिभाऊंच्या शाळेचे, न्यू इंग्लिश स्कूलचे, संस्थापक! आता अशा वेळी तरुण लेखक काय करेल? तिसरा अग्रलेख लिहील. हरिभाऊंनी गोष्ट सांगायला घेतली. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ जे निबंधांतून करतात, ते आपण मनोरंजनातून करू, अशी त्यांची भूमिका होती.

ती गोष्ट म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो’. ‘करमणूक’मध्ये ती क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपात. गोष्ट सांगते यमू, स्वतःच्या तोंडाने. माहेर, दादा, आई, तापट वडील, सासरची माणसं, सगळं तिच्या नजरेतून. मग नवऱ्याबरोबर मुंबईतला संसार. हा नवरा, रघुनाथराव, तिला शिकवतो, बरोबरीने वागवतो. तो अकाली जातो आणि यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं.

विधवांची दुःखं मराठी कादंबरीत काही पहिल्यांदा येत नव्हती बरं का. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आणि गंमत म्हणजे तिच्या नायिकेचं नावही यमुनाच. पण ती यमुना फिरते आणि विधवांच्या कहाण्या गोळा करते. तिथे उपदेश आधी, माणसं नंतर. त्यानंतर आल्या हळबेशास्त्र्यांच्या ‘मुक्तामाला’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, योगायोगांनी खच्चून भरलेल्या. आपल्या वाड्यातल्या मुलीची रोजची बोली, रुसवेफुगवे, चोरून ऐकलेली मोठ्यांची बोलणी, हे सगळं हरिभाऊंच्या कादंबरीत आलं.

माझं मत विचाराल तर खरी करामत इथेच आहे. केशवपन वाईट की बरं, हा वाद करायला लोक तयार होते, दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ काढत होते. पण यमूशी वाद कसा घालणार? तिच्याबरोबर तुम्ही इतके आठवडे घालवलेत, तिचं बालपण तुम्हाला पाठ झालंय. न्हावी बसवला जातो तेव्हा समोर ‘विधवा’ नसते, आपली यमू असते. पुरुषाने बाईच्या तोंडून इतकं लिहावं हेही त्या काळात धाडसच.

हा माणूस गोष्टीवेडा होता, याचा थोडा तोटाही झाला. दर अंकाला मजकूर हवाच, त्यामुळे कथा पसरत जायच्या. ‘उषःकाल’ ही शिवकाळावरची कादंबरी वाचताना ते जाणवतं. पानंच्या पानं संवाद, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगणं. आजच्या संपादकाने बरीच कात्री लावली असती. पण साप्ताहिकात मागचा अंक हरवलेला वाचकही असतो ना, त्याला सोबत घ्यावंच लागतं.

आणि हे सगळं नोकरी सांभाळून! चुलत्यांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, संस्कृत ग्रंथांसाठी आनंदाश्रम ही संस्था काढली होती. तिचा कारभार हरिभाऊ पाहायचे. म्हणजे एकीकडे जुन्या पोथ्यांचं प्रकाशन आणि दुसरीकडे पुढच्या अंकासाठी यमूचा पुढचा भाग. पुढे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

त्यांच्या कादंबऱ्यांवर मोकळेपणाने बोलणारी एक लेखिका होती, काशीबाई कानिटकर. लग्नानंतर घरातल्यांची नजर चुकवत शिकलेल्या. दोघांमध्ये भरपूर पत्रं झाली, लेखनावर, वाचनावर. एक विवाहित बाई आणि परका पुरुष, त्या पुण्यात, साहित्यावर पत्रं लिहितायत, विचार करा!

१९१९ च्या मार्चमध्ये हरिभाऊ गेले, वय ५४. काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्यांचे पुढचे भाग कधीच आले नाहीत.

काशीबाईंची गोष्ट मात्र आपल्याकडे येणार आहे, पुढच्या एपिसोडमध्ये.