कालकाजीची भिंत

दिल्लीच्या दक्षिण भागात कालकाजी येथे एनआयआयटी या संगणक-शिक्षण देणाऱ्या कंपनीचे कार्यालय होते आणि त्याच्या भिंतीपलीकडे झोपडपट्टी. २६ जानेवारी १९९९ रोजी कंपनीतील शास्त्रज्ञ डॉ. सुगत मित्रा यांनी त्या भिंतीस भोक पाडून एक संगणक बसविला. पडदा झोपडपट्टीच्या बाजूस होता. इंटरनेटची जोडणी होती. शिकविणारे कोणी नव्हते. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले होते. सुशिक्षित घरांतूनही ते तेव्हा अपूर्वाईचेच होते.

मुले जमली, यंत्राशी खेळू लागली आणि काही तासांतच इंटरनेटवर फिरू लागली. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्यांनी आपले शब्द योजिले. पडद्यावर सरकणारा बाण म्हणजे ‘सुई’. यंत्र कामात असताना दिसणारे वाळूचे घड्याळ म्हणजे ‘डमरू’. या साऱ्या प्रयोगात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात ते हे दोन शब्द. अनोळखी वस्तूला घरचे नाव देऊन ती आपलीशी करावी, ही बालपणाची फार जुनी रीत. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेली नव्हती. एकाच्या हाती यंत्र असे, भोवतालची चार-सहा मुले सूचना करीत (त्यांतल्या निम्म्या चुकीच्या!) आणि बघताबघता बघणारेही शिकत.

पुढे असे संगणक अनेक गावी बसले, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही. तेथील मुलांनी आठवीच्या अभ्यासक्रमातील संगणक-परीक्षा दिली व वर्गात न शिकताही त्यांना उत्तरे देता आली, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. या प्रयोगावरून विकास स्वरूप यांना कादंबरी सुचली. तिच्यावरचा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट २००८ साली जगभर गाजला.

तथापि कौतुकाच्या भरात दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. मार्क वॉरशॉअर या अमेरिकन अभ्यासकाने दिल्लीच्या दुसऱ्या एका वस्तीतील असे केंद्र पाहिले. इंटरनेट क्वचितच चाले, हिंदीत वाचण्यासारखे काही नव्हते, मुले बहुतांशी चित्रे काढीत व खेळ खेळत. मुलांचा शाळेचा अभ्यास मागे पडतो, अशी काही पालकांची तक्रार होती. उत्तराखंडात अल्मोडा व हवालबाग येथील केंद्रे तर कालांतराने बंदच पडली. पायल अरोरा यांनी २०१० साली त्यांची हकिगत लिहिली. यंत्र बसविणे सोपे, त्याची निगा राखणारा माणूस मिळणे कठीण!

मग शिक्षकाविना शिकण्यास सीमा आहे की नाही? हे पाहण्यासाठी मित्रा यांनी तमिळ भाषक कलिकुप्पम गावी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे इंग्रजीतून जीवशास्त्राचा एक अवघड विषय ठेविला. पंचाहत्तर दिवसांनंतर मुलांना सुमारे तीस टक्के गुण मिळाले. आरंभी ते जवळजवळ शून्य होते. नंतर मुलांच्या ओळखीची एक तरुणी मदतीस आली. तिला जीवशास्त्र येत नव्हते. तिने फक्त मुलांच्या मागे उभे राहायचे, कौतुक करायचे, ‘हे कसे केलेस रे?’ असे विचारायचे. आपल्याकडे आजी हेच करते, आणि मित्रा यांनीही या रीतीला आजीचेच नाव दिले. गुण पन्नासच्या घरात गेले.

आज घरोघरी मुलांच्या हाती फोन आहेत, आणि ‘मूल आपोआप शिकते’ म्हणून कालकाजीचा दाखला दिला जातो. पण ती भिंत रस्त्यावर होती. पडद्यावर काय चालले आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसत असे. बंद खोलीत एकट्याने पाहिलेला पडदा ही निराळीच गोष्ट आहे, असे आम्ही मानतो.

स्वतः मित्रा यांचे पुढचे पाऊलही लक्षणीय आहे. २००९ पासून ब्रिटनमधील स्वयंसेवक स्काइपवरून भारतातील मुलांशी बोलू लागले. त्यांत निवृत्त शिक्षक होते, आज्या होत्या. त्या मुलांना गोष्टी वाचून दाखवीत.