पहाटेचा सूर : किंक्स आणि मुंबईचे कोळी

गोवंडी स्टेशनबाहेर जुन्या सामानाच्या एका हातगाडीवर पंचवीस वर्षांपूर्वी मला ‘द किंक्स’ या इंग्लिश बँडची कॅसेट मिळाली. तिच्यातले ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे ऐकताना मी थबकलो. मागे एकच स्वर तानपुऱ्यासारखा रेंगाळत होता आणि गायकाचा आवाज त्याला धरून चालला होता. या गाण्याचे मूळ मुंबईत आहे, हे पुष्कळ नंतर वाचनातून कळले. संगीताचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. पण आपल्या शहराचा धागा हाती लागल्यावर तो सोडवेना.

किंक्स हा उत्तर लंडनच्या मसवेल हिलमधल्या रे आणि डेव्ह डेव्हिस या भावांचा बँड. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकून वाजवायला शिकलेल्या पोरांपैकी हे. १९६४ मध्ये त्यांचे ‘यू रिअली गॉट मी’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातला गिटारचा खरखरीत आवाज डेव्हने छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरून मिळवला होता. पुढच्या हार्ड रॉकची एक वाट तिथून निघते. तरीही साठच्या दशकाचा विषय निघाला की आपल्याकडे बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. १९६५ ते १९६९ या काळात किंक्सना अमेरिकेत कार्यक्रम करण्याची परवानगी मिळाली नाही. ऐन उमेदीत सर्वांत मोठी बाजारपेठ बंद झाली. आज अभिजात मानली जाणारी त्यांची ‘द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ ही १९६८ ची तबकडी तेव्हा इंग्लंडच्या विक्रीच्या यादीतही आली नाही.

जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना हा बँड मुंबईत थांबला. पहाटे रे डेव्हिसच्या कानावर कामावर निघालेल्या कोळ्यांचे गाणे पडले. ही आठवण त्याने पुढे अनेकदा सांगितली आहे. जुलैअखेर ‘सी माय फ्रेंड्स’ बाजारात आले आणि इंग्लंडमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत चढले. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मधली सतार लोकांनी ऐकली ती त्यानंतर, डिसेंबरात.

किंक्स सर्वांत पहिले होते, असा हट्ट मी धरणार नाही. त्याच जूनमध्ये यार्डबर्ड्सचे ‘हार्ट फुल ऑफ सोल’ आले होते. त्यासाठी आधी सतारवादक बोलावून पाहिला आणि शेवटी जेफ बेकने ती सुरावट गिटारवर वाजवली. मला महत्त्वाचा वाटतो तो वाटेतला फरक. हे दोन्ही बँड मैफलीच्या वाद्याकडून भारतीय संगीताकडे आले. रे डेव्हिस श्रमाच्या गाण्याकडून आला. त्याच्या गाण्यात सतार नाहीच. सारे काम गिटार आणि गळ्याचे. सूर लांबवणे आणि एका स्वराभोवती घुटमळत राहणे, एवढेच त्याने घेतले. ते त्याने खर्चले एका दुःखासाठी. त्याला पहिली गिटार देणारी मोठी बहीण १९५७ मध्ये त्याच्या तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास वारली होती. या गाण्याचे नाते त्याने पुढे तिच्या मृत्यूशी जोडले.

आता श्रेयाचा प्रश्न. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण केले. त्यात वाजवणाऱ्या शिवकुमार शर्मांसारख्या वादकांची नावे इतिहासात राहिली. रे डेव्हिसच्या आठवणीतले कोळी मात्र नुसते ‘कोळी’च राहिले. आपणही वेगळे वागलो नाही. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते आपण घरोघरी ऐकली, आणि ती ऐकण्याजोगीच आहेत. पण जाळे ओढताना, होडी ढकलताना एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे, हे कामाचे गाणे संग्रहाचा विषय आहे असे आपल्याला क्वचितच वाटले.

गोवंडीहून ट्रॉम्बे कोळीवाडा बसने फार लांब नाही. मागच्या हिवाळ्यात तिथल्या बंदरावर एका वृद्ध तांडेलाला मी कॅसेटमधले हे गाणे मोबाइलवर ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, मान हलवली नाही. म्हणाले, “आमचं नाय हे.” मी विचारले, तुमचे कसे होते? “आता जालं मशीन खेचतं. मशीन काय गानार?” थोड्या वेळाने मात्र त्यांनी हाताने दोर ओढल्यासारखे केले आणि खालच्या आवाजात चार हाका दिल्या. शेजारी जाळे विणत बसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याने मान वर न करता त्या झेलल्या.

ध्वनिमुद्रण मी त्यांना विचारून, दोघांची नावे लिहून घेऊन केले. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे.