पर्पल मार्टिन : हंगामाच्या आरंभीची ये-जा

पर्पल मार्टिन (प्रोग्ने सुबिस) : हिरुंडिनिडी कुलातील, म्हणजे आपल्याकडच्या भिंगऱ्यांच्या कुळातील स्थलांतरी पक्षी. या कुळातला उत्तर अमेरिकेतील हा सर्वांत मोठा पक्षी. लांबी सु. २० सेंमी., वजन ४५ ते ६० ग्रॅम. उडते किडे हेच त्याचे अन्न, आणि ते तो उडता उडताच टिपतो. तो थंडीचे महिने दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढतो. विणीसाठी मेक्सिको, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि दक्षिण कॅनडा येथे येतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडे त्याची वीण आज जवळजवळ सर्वस्वी माणसांनी परसात उभारलेल्या घरट्यांत होते. ही नोंद मुख्यतः त्या घरट्यांवर हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत चालणाऱ्या ये-जेविषयी आहे.

रूप : नावात जांभळा रंग असला तरी पिसांत जांभळा रंगकण नाही. पिसे मुळात काळपट असतात आणि त्यांच्या रचनेमुळे त्यांवर उन्हाची निळी-जांभळी झाक उठते. ही झाक अंगभर फक्त पूर्ण वाढलेल्या नरालाच असते. मादीचे पोट आणि कपाळ राखाडी असते. वर्षाचा नरही बराचसा मादीसारखाच दिसतो, फक्त त्याच्या गळ्यापोटावर इथे-तिथे एखादे गर्द पीस उमटलेले असते. पुरा रंग चढायला त्याला दोन वर्षे लागतात. पुढे येणारी सगळी हकिकत या वयाच्या फरकावर उभी आहे, म्हणून ही खूण ध्यानात ठेवावी.

माणसाची सोबत : मूळचा हा पक्षी सुतारपक्ष्याने पोखरलेल्या वठल्या झाडांच्या ढोलीत राहणारा. तो माणसाकडे येण्याचा आरंभ युरोपीय वसाहतींच्या आधीचा मानला जातो. चोक्टॉ आणि चिकसॉ लोक झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाचा शेंडा छाटून फांद्यांचे आखूड खुंट राखत आणि त्यांवर पोखरलेले भोपळे टांगत, असे पक्षितज्ज्ञ अलेक्झांडर विल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले आहे. हा भोपळा म्हणजे आपल्याकडे कमंडलू ज्याचा करत, त्याच जातीच्या वेलाचे फळ. कावळे आणि शिकारी पक्षी दिसले की मार्टिन त्यांना हुसकतो आणि त्यात घरच्या कोंबड्यांचेही रक्षण होते, म्हणून वसाहतींतले लोक त्याला जवळ करत, असे मार्क केट्सबी यांनी त्याही आधी, अठराव्या शतकात लिहून ठेवले. पुढे भोपळ्यांच्या जोडीला लाकडी पेट्या आल्या. १९६० च्या दशकात इलिनॉय राज्यातील ग्रिग्सव्हिल या छोट्या गावात जे. एल. वेड यांच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची बहुमजली घरे निघू लागली. हा पक्षी दिवसाला दोन हजार डास खातो, ही जाहिरात त्याच काळात घराघरांत पोचली. ती खरी नाही. मार्टिन दिवसा आणि उंचावर शिकार करतो. डास मात्र बहुधा संध्याकाळनंतर आणि जमिनीलगत उडतात, त्यामुळे मार्टिनच्या आहारात त्यांचा वाटा नगण्य आहे. चतुर, भुंगेरे आणि पंख फुटलेल्या मुंग्या हे त्याचे खरे खाद्य.

अशी घरे राखणारी माणसे स्वतःला ‘लँडलॉर्ड’, म्हणजे घरमालक म्हणवतात. भाडे घेत नाहीत, उलट वर्षभर खर्चच करतात. अशा मालकांना जोडणारी आणि या पक्ष्याचा अभ्यास करणारी पर्पल मार्टिन कॉन्झर्व्हेशन असोसिएशन ही संस्था १९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्थापन झाली.

आगमन : पहिले पक्षी फ्लोरिडात जानेवारीत उतरतात. टेक्सस आणि लुइझियानाच्या किनारपट्टीवर ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी दिसू लागतात, पेनसिल्व्हेनियात मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, आणि कॅनडाच्या दक्षिण भागात एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात. म्हणजे एकाच जातीचे आगमन तीन-चार महिने चालते. दक्षिणेत घरटी बांधून होत आलेली असतात तेव्हा उत्तरेतले घरमालक अजून आभाळाकडे डोळे लावून असतात.

या प्रवासाचा वेग कळला तो अलीकडे. ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पक्ष्यांच्या पाठीवर उजेडाच्या नोंदीवरून ठिकाण सांगणारी इवलीशी यंत्रे बांधली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतली एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून निघून सु. ७,५०० किमी. अंतर १३ दिवसांत कापून घरी परतली होती. शरद ऋतूत रमतगमत दक्षिणेला जाणारा पक्षी वसंतात इतकी घाई करतो याचे कारण सरळ आहे. जो आधी पोचेल, त्याला पसंतीची ढोली मिळते.

‘टेहळ्या’ची कल्पना : सर्वांत आधी दिसणाऱ्या पक्ष्याला अमेरिकेत ‘स्काउट’ म्हणतात. तो पुढे येतो, जागा आणि हवामान पाहतो, मागे जातो आणि थव्याला घेऊन येतो, अशी त्यामागची समजूत. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली कारण डोळ्यांना दिसते ते अगदी तसेच असते. फेब्रुवारीच्या एका सकाळी एक काळा नर घराच्या टोकावर येऊन बसतो, दोन-तीन दारांत डोकावतो, थोडे गातो आणि निघून जातो. चार दिवस कोणी फिरकत नाही. पाचव्या दिवशी पाच-सहा पक्षी येतात. मधल्या चार दिवसांत निरोप गेला असणार, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण निरोप कोणी नेलेला नसतो. पहिला आलेला पक्षी हा जुना रहिवासी असतो. गेल्या वर्षी याच ठिकाणी त्याची पिल्ले सुखरूप उडून गेली, म्हणून तो परतला. जे पक्षी अनुभवी आणि सशक्त, ते बहुधा आधी पोचतात. बाकीचे आपापल्या वेळापत्रकाने एकेक करून येतात. जमून प्रवास करणारे कुटुंब किंवा थवा इथे नाही. शब्द रूढ झाला आहे आणि तो आता जाणार नाही, पण त्याने एक नुकसान केले आहे. टेहळ्या निघून गेला म्हणजे जागा नापसंत पडली, असे समजून नवखे लोक घराची जागा बदलतात किंवा खांबच काढून टाकतात, आणि दोन दिवसांनी परतलेल्या पक्ष्याला आपले घर सापडत नाही.

ये-जेची कारणे : मग तो पक्षी जातो कुठे? एकच एक उत्तर नाही. उतरलेला पक्षी पुष्कळदा वाटसरू असतो, त्याचे घर आणखी शेकडो किलोमीटर उत्तरेला असते आणि आपला खांब ही केवळ विसाव्याची जागा. स्थानिक पक्षीही या दिवसांत घरट्याला बांधलेला नसतो. अंडी नाहीत, पिल्ले नाहीत, राखायला काही नाही. पहाटे निघून तो दूरवर चरत राहतो आणि दुपार कलल्यावर किंवा अगदी झोपेच्या वेळी ढोलीत शिरतो. नोकरीवरून सहाला परतणाऱ्या घरमालकाला तो कधी दिसतच नाही, ढोलीत रात्र काढत असला तरी. काही जण आसपासच्या दोन-तीन वसाहतीही फिरून पाहतात. नर एकाच वेळी अनेक दारांवर हक्क सांगतो आणि दारातून गात राहतो. मादी येऊन ढोल्या आतून पाहते, बाहेर पडते, पुन्हा पाहते. घर बघायला आलेल्या बिऱ्हाडकरूसारखेच हे सगळे, आणि तितकेच वेळखाऊ. दक्षिणेत पहिल्या आगमनापासून घरटे बांधायला लागेपर्यंत महिना किंवा अधिक काळ जाऊ शकतो. उत्तरेत हा अवधी आखूड असतो.

थंडी : लवकर येण्याची किंमत कधी कधी जिवाने चुकवावी लागते. तापमान सु. १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले किंवा पावसाची झड लागली की किडे उडत नाहीत, आणि किडे उडाले नाहीत तर मार्टिनला दुसरे काही खाता येत नाही. बिया-फळांवर भागवणाऱ्या पक्ष्यांची सोय त्याच्याकडे नाही. अशा वेळी तो बाहेर पडतच नाही. अनेक पक्षी एकाच ढोलीत एकमेकांना चिकटून बसतात आणि हालचाल थांबवून शक्ती राखतात. खालून पाहणाऱ्याला वसाहत ओस पडल्यासारखी दिसते. तीन-चार दिवस असेच गेले तर मृत्यू सुरू होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सस आणि लुइझियानात आलेल्या कडाक्याच्या थंडीने नुकतेच पोचलेले असंख्य पक्षी असे गेले. जून १९७२ मधील ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने ईशान्येकडील राज्यांत तर भर विणीतच कित्येक वसाहती रिकाम्या केल्या.

यावर घरमालकांनी शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. विकतचे रातकिडे प्लास्टिकच्या चमच्यात घेऊन ते हवेत उंच भिरकावतात. पक्षी प्रथम दुर्लक्ष करतो. कधीतरी एकाला ते उडत्या किड्यासारखे दिसते आणि तो झेप घेतो, मग बाकीचे त्याला पाहून शिकतात. रुळलेले पक्षी पुढे तबकात ठेवलेले रातकिडे, अळ्या आणि शिजवून बारीक केलेले अंडेही खातात. बोचऱ्या वाऱ्यात तासन्‌तास चमचा घेऊन उभी राहणारी ही माणसे आहेत म्हणून अनेक वसाहती वाचल्या आहेत, आणि या पक्ष्याविषयीच्या कोणत्याही नोंदीत त्यांना जागा मिळायला हवी.

प्रतिस्पर्धी : रिकाम्या घरावर मार्टिनच्या आधी नजर असते ती चिमणीची. ही आपलीच, अंगणातली चिमणी, पण तिकडची नव्हे. १८५० च्या सुमारास ती इंग्लंडहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणून सोडली गेली. युरोपीय स्टार्लिंग, जी आपल्या साळुंकीच्या कुळातली, ती १८९० मध्ये न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कात सोडली गेली. दोन्ही पक्षी वर्षभर जागेवर असतात आणि ढोलीतच घरटे करतात. ब्राझीलहून मार्टिन येईपर्यंत त्यांचे बस्तान बसलेले असते, आणि ते त्याची अंडी फोडतात, पिल्ले मारतात, कधी मोठ्या पक्ष्यालाही सोडत नाहीत. आपल्या शहरांतून चिमणी कमी झाल्याची हळहळ असलेल्या मराठी वाचकाला तिचे हे तिकडचे रूप ओळखू येणार नाही. दोष तिचा नाही, नेणाऱ्यांचा आहे. म्हणून जाणते घरमालक पक्षी येण्याच्या बेतापर्यंत दारे बुचाने बंद ठेवतात. स्टार्लिंगसाठी गोल दाराऐवजी सु. ३ सेंमी. उंचीचे अर्धचंद्राकृती दार ठेवतात. त्यातून मार्टिन अंग चेपून आत जातो, स्टार्लिंगला सहसा जमत नाही.

जागेची निवड : घर मोकळ्यावर, माणसाच्या घरापासून साधारण १० ते ३५ मीटरांवर आणि उंच झाडांपासून किमान १२ मीटर दूर असावे लागते. अमेरिकेतल्या अंगणाची सावलीची हौस आणि मार्टिनची मोकळ्या उड्डाणाची गरज यांचे जमत नाही. पुष्कळ वसाहती उजाड होतात त्या शेजारचे झाड वाढल्यामुळे. खांबाला साप आणि रकून यांना रोखणारी पत्र्याची नळी किंवा शंकू लावणे आवश्यक असते.

तरुण पक्ष्यांचे आगमन : ज्या परसात कधीच मार्टिन राहिला नाही, तिथे पहिल्या ‘टेहळ्या’ची वाट पाहण्यात बहुधा अर्थ नसतो. अनुभवी पक्षी आपल्या जुन्या घरी जातो. नव्या वसाहती वसवतात ते वर्षाचे, पूर्ण रंग न चढलेले पक्षी, आणि ते जुन्यांच्या मागून कित्येक आठवड्यांनी, अगदी दोन-अडीच महिन्यांनीही येतात. नव्या घरमालकाने आसपास पहिले पक्षी दिसल्यावर महिनाभर थांबून दारे उघडावीत आणि जूनपर्यंत आशा सोडू नये, हा सल्ला यातूनच आला. या तरुणांना बोलावतात ते जुने नर. पहाटेच्या अंधारात ते वसाहतीवर उंच घिरट्या घालत एक विशिष्ट गाणे गातात आणि वरून जाणारे पक्षी ते ऐकून उतरतात. यूजीन मॉर्टन यांच्या अभ्यासातून असे दिसले की, वसाहत भरण्यात जुन्या नराचा फायदा असतो, कारण तरुण नरांच्या घरट्यांतली बरीच पिल्ले प्रत्यक्षात त्याची असतात. या गाण्याचे ध्वनिमुद्रण पहाटे परसात लावून घरमालकही तीच युक्ती करतात.

पश्चिमेकडील भेद : वरील वर्णन पूर्वेकडील उपजातीचे. ॲरिझोनाच्या वाळवंटातली उपजात साग्वारो निवडुंगाच्या ढोलीत राहते, मे महिन्यात येते आणि तिथल्या उन्हाळी पावसाच्या सुमारास पिल्ले वाढवते. पॅसिफिक किनाऱ्यावरची उपजात वठल्या झाडांत आणि पाण्यातल्या खांबांवर बसवलेल्या पेट्यांत दिसते. ब्रिटिश कोलंबियात १९८० च्या दशकाच्या मध्यास तिच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. पेट्यांमुळे ती सावरली.

हवामानबदल : २०१२ चा वसंत उत्तर अमेरिकेत विक्रमी उष्ण होता आणि किडे लवकर निघाले. केव्हिन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी यंत्रे बांधलेल्या पक्ष्यांची त्या वर्षीची वाटचाल तपासली, तेव्हा पक्षी ना लवकर निघाले होते, ना वाटेत त्यांनी वेग वाढवला होता. ॲमेझॉनच्या काठी बसलेल्या पक्ष्याला पेनसिल्व्हेनियातली ऊब कळण्याचा मार्ग नाही. तो दिवसमानावर निघतो.

घरटे : जोडी जमली आणि हवा स्थिर झाली की पक्षी काड्या, गवत आणि चिखल आणू लागतात. दाराशी चिखलाचा छोटा बांध घालतात आणि वर हिरवी पाने अंथरतात. पानांचा रंग ताजा असेल तर अंडी जवळ आली असे घरमालक समजतात. बहुधा ४ ते ६ पांढरी अंडी, उबवण सु. १५ ते १८ दिवस, पिल्ले उडायला सु. चार आठवडे. आरंभीची अनिश्चित ये-जा इथे संपते. आता दाराशी येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या चोचीत काहीतरी असते.