गादी, जिना आणि कंबरपट्टा

रात्री दुकान वाढवून घरी आलेला माणूस खुर्चीत बसता बसता म्हणतो, "आज फार दमलो." ते खोटं नसतं. गिऱ्हाईक, उधारी, हिशेब, फोन, सगळ्यांनी डोकं पिकवलेलं असतं. पण पायांना विचारलं तर ते म्हणतील, आम्ही आज काहीच केलं नाही. सकाळी गादीवर बसला तो दुपारी जेवायला उठला आणि जेवून पुन्हा बसला. मग पॅन्टचा हूक लागेनासा होतो आणि घरात एकच सल्ला मिळतो, "भात कमी करा, तूप कमी करा." बोलणी खातं ते ताट, म्हणजे पर्यायाने ते वाढणारी बाई.

मैत्रिणींनो, या बिचाऱ्या ताटाची बाजू घ्यावी म्हणून आज थोडा इतिहास सांगते. वजन ताटामुळे वाढतं की बैठकीमुळे, हा प्रश्न आपल्याच घरात पहिल्यांदा पडलेला नाही. निरनिराळ्या काळांत काही माणसांनी तो फार चिकाटीने सोडवायचा प्रयत्न केला. त्यातला एक प्रयत्न तर आपल्याच देशात, एका ज्यूट गिरणीत झाला.

सुरुवात इटलीपासून करू. मोडेना गावी बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. कामगारांच्या रोगांवरचं त्यांचं पुस्तक 1700 साली छापलं गेलं. मैला साफ करणारे, कुंभार, विणकर, शिंपी, चांभार अशा एकेका धंद्याचं दुखणं त्यांनी त्या त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन पाहिलं. वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारतो त्यांत आणखी एक घाला, असं त्यांनी सांगितलं : तुमचा धंदा काय? आज साधा वाटणारा हा प्रश्न त्या काळी नवा होता. बसून काम करणाऱ्या शिंप्या-चांभारांची पाठ वाकते, अंग जड होतं, म्हणून निदान सुट्टीच्या दिवशी तरी त्यांनी अंग हलवावं, असा त्यांचा सल्ला होता. पण त्याच पुस्तकात दिवसभर उभं राहणाऱ्यांचंही प्रकरण आहे. अशा माणसांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे नुसतं बसणं वाईट तसं नुसतं उभं राहणंही बरं नाही, हे तीनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लंडनला जाऊ. दुसरं महायुद्ध संपलं होतं आणि इंग्लंडमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. कारण कुणालाच धड सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांना शंका आली की कामाच्या स्वरूपाशी याचा काही संबंध असावा. त्यांना एकाच संस्थेत, साधारण सारख्याच परिस्थितीतले, पण अगदी वेगळं काम करणारे पुरुष हवे होते. लंडनच्या दुमजली बसमध्ये ते आयते सापडले. ड्रायव्हर बसलेला आणि कंडक्टर उभा. गाडी तीच, रस्ता तोच, पाळीही तीच. पण कंडक्टर दिवसभर वर-खाली करायचा, आणि कामाच्या एका दिवसात त्याच्या साधारण 500 ते 750 पायऱ्या चढून व्हायच्या.

बस, ट्राम आणि ट्रॉलीबस, शिवाय भुयारी रेल्वे, असे 35 ते 64 वयाचे सुमारे 31,000 पुरुष या पाहणीत होते. 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. वर्षाला हजार ड्रायव्हरांमागे हृदयविकाराचे 2.7 रुग्ण, तर हजार कंडक्टरांमागे 1.9. कंडक्टरांना हा आजार झालाच तर तो उशिरा होई, आणि त्यातून अचानक दगावणारेही कमी. टपालखात्यातही तसंच दिसलं. सायकलवरून किंवा पायी टपाल वाटणारे पोस्टमन हे टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा आणि टेलिफोन ऑपरेटरांपेक्षा सुरक्षित होते.

मग वजनाचं काय? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी लढवलेली युक्ती ऐकून कुठलीही गृहिणी खूश होईल. हजारो माणसांना काट्यावर उभं करण्याऐवजी त्यांनी गणवेशाची मापं काढली! बसवाल्यांना गणवेश संस्थेकडून मिळत, त्यामुळे प्रत्येकाच्या पॅन्टचं कमरेचं माप नोंदवहीत होतं. शिंप्याची टेप कुणाची भीडभाड ठेवत नाही. 1956 साली हा अभ्यास छापून आला. ड्रायव्हरांची कंबर सरसकट कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली.

इथे गोष्ट संपवली असती तर छान बोधकथा झाली असती. पण मापं नीट लावली तेव्हा एक गोम दिसली. विशी-पंचविशीतल्या, नोकरीत अजून फार वर्षं न काढलेल्या ड्रायव्हरांचीही कंबर त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे सगळा दोष ड्रायव्हरच्या सीटचा नव्हता. अंगाने भरलेली माणसं मुळातच बसून करायच्या कामाकडे वळत असतील, असंही असू शकतं. मॉरिसनी ही अडचण लपवली नाही, छापली. मला त्यांचं हे वागणं त्यांच्या निष्कर्षाइतकंच मोलाचं वाटतं. त्याच मापांतून आणखी एक गोष्ट निघाली. कंडक्टर सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला, अचानक मृत्यूचा धोका त्याला ड्रायव्हरपेक्षा कमीच होता. जिना चढण्याचा फायदा जाड माणसालाही मिळत होता. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आपल्या मुंबईतही 1937 पासून बेस्टच्या दुमजली बस धावत होत्या. पण तिथे वरच्या मजल्याला एक कंडक्टर आणि खालच्याला दुसरा, असे दोघे असायचे. लंडनच्या कंडक्टरचा जिना मुंबईकर कंडक्टरच्या वाट्याला तितकासा आला नाही, म्हणून ही गोष्ट मुंबईला जशीच्या तशी लागू होत नाही. सारखं दिसलं तरी काम बारकाईने पाहावं लागतं ते असं.

आता आपल्या देशातली गोष्ट. कोलकात्याजवळ, हावडा जिल्ह्यात हुगळीच्या काठी चेंगाइल नावाचं गाव आहे. तिथे लडलो ही अमेरिकन मालकीची ज्यूट गिरणी होती. हार्वर्ड विद्यापीठातले आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर यांनी पूर्णिमा रॉय आणि कामाख्या प्रसाद मित्र यांच्याबरोबर या गिरणीतल्या 213 पुरुषांचा अभ्यास केला. तो 1956 साली, म्हणजे लंडनच्या पॅन्टींचा अभ्यास आला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. गिरणीच निवडायचं कारण सरळ होतं. एकाच आवारात सगळ्या प्रकारची कामं होती. दिवसभर बसून असलेले दुकानदार, देखरेख करणारे, कारकून, मग यंत्रावरचे कामगार, आणि शेवटी पाठीवर ओझी वाहणारे. प्रत्येकाचं खाणं विचारून टिपलं, वजन मोजलं.

साधा तर्क काय सांगतो? जो जास्त राबतो त्याला जास्त भूक लागते, जो बसतो तो कमी खातो, म्हणजे हिशेब आपोआप जुळतो. यंत्रावरच्या हलक्या कामापासून ओझी वाहण्यापर्यंत तो तर्क बरोबर निघाला. काम वाढलं तसं खाणं वाढलं आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. पण अगदी बसून असणाऱ्या गटात उलटंच घडलं. ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हे, जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच सर्वांत जास्त होतं. मेयर यांनी यातून असा अर्थ काढला की हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भुकेचं माप बिघडतं. पोट "पुरे" म्हणायचं विसरतं.

बाजारात टपरी मांडून बसलेल्या त्या बंगाली दुकानदाराचं वर्णन वाचताना मला आपल्या व्यापारी घरांतली गादी आठवली. लोडाला टेकून बसलेले शेठजी, हाक मारली की माल काढून देणारा नोकर, आणि दिवसातून चार वेळा येणारा चहा. फळीवरचा डबासुद्धा स्वतः उठून काढायचा नाही, ही प्रतिष्ठा. आपल्या कितीतरी पिढ्यांची भरभराट त्या गादीवर झाली, ते ऋण आहेच. पण गुडघे, पोट आणि साखरेचा आजारही तिथूनच घरी आला असेल, याचा विचार आपण केला नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या गिरणीतला ओझी वाहणारा माणूस सडपातळ होता, म्हणून तो सुखी होता असं नव्हे. त्याची पाठ, त्याचे खांदे आणि त्याची मजुरी यांची मोजणी त्या तक्त्यात नाही. त्याचं अंग बघून "बघा, कष्टाने कसं छान राहतं," असं गादीवर बसून म्हणणं शोभत नाही. शिवाय ही एका वेळची पाहणी होती, बसल्यामुळेच वजन वाढलं की आणखी कशाने, हे तिच्यावरून शंभर टक्के सिद्ध होत नाही. त्यासाठी आणखी काही वर्षं जावी लागली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. 1999 साली निकाल आले. सगळ्यांना जादा खाणं सारखंच, पण कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंहून जास्त वाढली. हा फरक व्यायामाचा नव्हता, कारण ठरवून केलेला व्यायाम मर्यादेतच ठेवलेला होता. फरक होता तो उठणं, बसणं, फिरणं, चुळबूळ करणं या किरकोळ हालचालींचा. पुढे 2005 साली त्यांनी दहा सडपातळ आणि दहा थोड्या जाड माणसांच्या अंगावर हालचाल टिपणारी उपकरणं बसवली. जाड माणसं दिवसाला सरासरी दोन तासांहून अधिक जास्त बसत होती. ती सडपातळ माणसांसारखी उभी राहिली, फिरली असती, तर रोज सुमारे 350 कॅलरी खर्च झाल्या असत्या. म्हणजे आपले चारेक फुलके.

मग उंच टेबल आणून दिवसभर उभं राहायचं का? इथे रामाझिनींची आठवण ठेवा. अनेक अभ्यास एकत्र करून 2018 साली हिशेब मांडला गेला. बसण्याऐवजी नुसतं उभं राहिल्याने मिनिटाला 0.15 कॅलरी जादा जातात. 65 किलोच्या माणसाने रोज सहा तास बसण्याऐवजी उभं राहून काम केलं तर 54 कॅलरी, एका लहान फुलक्याएवढ्याही नाहीत. वर पाय दुखतील ते वेगळंच. पण तोच माणूस हळूहळू चालत राहिला तर गणित बदलतं. चालत्या पट्ट्यावर टेबल मांडून केलेल्या एका प्रयोगात जाड माणसांच्या तासाला सुमारे 120 कॅलरी जादा खर्च झाल्या, आणि चाल तर ताशी दीड-दोन किलोमीटरचीच होती. उभं राहणं हा चालण्याचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर नुसतं थांबून घर येत नाही, पण उभा असलेला माणूस चार पावलं सहज टाकतो, बसलेला टाकत नाही.

आपल्याला चालत्या पट्ट्याची गरज नाही. दुकानात फोन आला की उठून बोलावं. पाण्याचा माठ गादीपासून लांब ठेवावा. दिवसातल्या दहा वस्तू तरी नोकराला हाक न मारता स्वतः फळीवरून काढाव्यात. ऑफिसात पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला निरोप पाठवण्यापेक्षा चालत जाऊन सांगावं. पहिला-दुसरा मजला असेल तर लिफ्टची वाट पाहू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावं, गिऱ्हाईक नसलं तर दाराशी जाऊन यावं. यातलं काहीच घाम काढणारं नाही, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकतं. याने महिन्यात दहा किलो उतरतील अशी आशा मात्र धरू नका. वाढत जाणारं वजन रोखणं हेच या किरकोळ हालचालीचं खरं काम. गुडघे, हृदय किंवा शिरांचा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

जेरी मॉरिस 2009 साली गेले, तेव्हा त्यांचं वय 99 होतं. अगदी उतारवयापर्यंत ते कामाला आणि पोहायला जात. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढू नये, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं, म्हणून मीही काढत नाही.

आज रात्री घरचं माणूस दमून येईल. ताट नेहमीसारखंच प्रेमाने वाढा. फक्त जेवण झाल्यावर पाण्याचा तांब्या हातात आणून देऊ नका. तो स्वयंपाकघरातच राहू द्या, ते उठून घेतील. जवळच उभं राहून चार शब्द बोला, आणि मग दोघं मिळून कोपऱ्यापर्यंत जाऊन या.